घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घ्यायचा आहे, सॉफ्टवेअर कोणतं निवडू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कोथरूड-कर्वेनगरमधल्या नातेवाइकांकडे आणि आमच्या सोसायटीत बॅकअप लावून द्यायचं काम मी गेली काही वर्षं करते आहे. चहा येईपर्यंत कपाटातून नवी कोरी एक्स्टर्नल हार्ड डिस्क बाहेर येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "ही आणून ठेवलीय, आता हिच्यात टाकायचं कसं?" सगळीकडे तेच ते प्रश्न निघतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

मी सगळं 'डी' ड्राइव्हवर कॉपी करून ठेवते. तो बॅकअपच झाला ना?

नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो. "सी फॉरमॅट मारला तरी डी राहील" हे त्याचं म्हणणं खरं आहे, पण तेवढ्यापुरतंच. सी आणि डी या एकाच कपाटाच्या दोन फळ्या असतात. डिस्क बंद पडली की दोन्ही एकदम जातात.

याचा दुसरा धोका मला जास्त गंभीर वाटतो. 'डी सुरक्षित' हे डोक्यात बसल्यामुळे लोक फोटो, कागदपत्रं, सोसायटीचे हिशोब सगळं डीवर ठेवतात. बॅकअपची बरीचशी सॉफ्टवेअर्स मात्र न सांगता फक्त सीवरचे ठरावीक फोल्डर घेतात: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. आमच्याच घरात हे घडलं. वडिलांनी निवृत्तीनंतर तीन-चार वर्षं बसून आपल्या आठवणी टाइप केल्या होत्या. रोज रात्री बॅकअप चालायचा आणि पडद्यावर 'यशस्वी' असं यायचं. डिस्क गेल्यावर बॅकअप उघडला, तर त्यात डीवरचं काहीही नव्हतं. सॉफ्टवेअर खोटं बोललं नव्हतं. त्याला जे सांगितलं होतं, ते त्याने यशस्वीपणे केलं होतं. हाती राहिली ती आईने वाचायला म्हणून छापून घेतलेली चाळीस पानं.

मग सॉफ्टवेअर निवडताना आधी काय बघू?

परत कसं मिळतं ते बघा. सगळे जण बॅकअप 'घेण्या'च्या सोयी बघतात आणि तुलना करणारे तक्तेही त्याच मोजतात. मी नवं सॉफ्टवेअर बघते तेव्हा आधी एक फाइल मुद्दाम खोडते आणि ती परत आणायला बसते. मागच्या महिन्यातली प्रत मिळते का? हेच सॉफ्टवेअर नसलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर डिस्क लावली तर फाइल दिसते का? कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर काय करायचं? तुमच्या घरातल्या माणसाला याची उत्तरं झेपणार असतील, तर ते सॉफ्टवेअर तुमचं. बाकी शंभर सोयी असल्या काय आणि नसल्या काय.

नुसतं कॉपी-पेस्ट का करू नये?

काहीच न करण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. पण दिवाळीत एकदा कॉपी केली की पुढची दिवाळी येईपर्यंत विसरायला होतं. 'फोटो', 'फोटो नवीन', 'फोटो नवीन २' असे फोल्डर साचतात आणि ताजा कुठला ते कुणालाच कळत नाही. शिवाय चुकून बिघडलेली फाइल चांगलीवर ओव्हरराइट झाली, तर जुनी कायमची गेली. जुन्या प्रती राखणं हे सॉफ्टवेअर लावायचं खरं कारण आहे.

फाइल बॅकअप आणि इमेज बॅकअप यांत फरक काय? मला कोणता हवा?

फाइल बॅकअप म्हणजे तुमचे फोटो, पत्रं, हिशोब. इमेज म्हणजे विंडोज, सगळे प्रोग्रॅम आणि सेटिंग धरून अख्ख्या डिस्कची प्रतिकृती. घर बदलताना फक्त मौल्यवान ट्रंक नेली तर तो फाइल बॅकअप. भिंतींसकट घर उचललं तर ती इमेज.

निवड करावीच लागली तर आधी फाइल बॅकअप. विंडोज पुन्हा टाकता येतं, बारशाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. पण घरून काम करणाऱ्या, किंवा महत्प्रयासाने बसवलेला एखादा जुना प्रोग्रॅम वापरणाऱ्या माणसाने तीन महिन्यांतून एकदा इमेजही घ्यावी. त्याच कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवली तर तीवरून तासा-दोन तासांत सगळं होतं तसं उभं राहतं. मात्र वेगळ्याच कंपनीच्या नव्या कॉम्प्युटरवर जुनी इमेज चढवणं त्रासाचं असतं. तिथे फाइल बॅकअपच कामी येतो.

विंडोजमध्ये आहे ते पुरत नाही का?

बऱ्याच घरांना पुरतं, मर्यादा माहीत असल्या तर. 'फाइल हिस्टरी' ही सोय विंडोज ८ पासून आहे. विंडोज ११ मध्ये ती कंट्रोल पॅनलमध्ये सापडते. एकदा चालू केली की डिस्क जोडलेली असताना दर तासाला बदललेल्या फाइली उचलते आणि जुन्या प्रती जपते. फाइली डिस्कवर साध्या फोल्डरमध्येच असतात, फक्त नावाला तारीख-वेळ चिकटलेली असते. त्यामुळे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडता येतात. मला ती आवडते ती याचसाठी.

पण डी ड्राइव्ह ती आपणहून घेत नाही. डीवरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून तो एखाद्या लायब्ररीत (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा विंडोजच्या फोल्डर-गटात) सामील करावा लागतो, मगच तो तिच्या नजरेत येतो. वडिलांच्या बाबतीत हीच एक क्लिक राहिली होती.

तिथेच 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' नावाचं जुनं साधनही दिसतं आणि त्यातून इमेज घेता येते. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच त्यातली इमेजची सोय कालबाह्य ठरवली आणि त्यासाठी इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर्स वापरा असं सांगितलं. चालतं आहे म्हणून त्यावर विसंबू नका. 'विंडोज बॅकअप' या नावाचं नवं ॲप वेगळंच आहे. ते तुमचे फोल्डर वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात चढवतं आणि तिथे फुकट जागा ५ जीबी मिळते. एका लग्नाच्या व्हिडिओलाही ती पुरायची नाही.

अजून विंडोज १० वर असाल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ११ वर जाण्याआधी पूर्ण इमेज घ्या, आणि ती घेतल्याशिवाय कुणालाही तुमच्या मशीनला हात लावू देऊ नका.

बाहेरचं सॉफ्टवेअर घ्यायचं तर कुठलं?

इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत अजून 'मॅक्रियम रिफ्लेक्ट फ्री'ची शिफारस दिसते. ती फुकट आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीपासून सपोर्टबाहेर गेली आहे. आता मॅक्रियम पैसे भरून वापरायचं सॉफ्टवेअर आहे. चांगलं आहे, पण फुकट समजून कुठल्या तरी साइटवरून जुनी फाइल उतरवू नका.

इमेजसाठी सध्या मी 'वीम एजंट फॉर विंडोज'ची फुकट आवृत्ती लावते. अख्खा कॉम्प्युटर घेता येतो, त्यामुळे सी-डीचा घोळच उरत नाही. सुटी फाइलही परत काढता येते, मशीन बंद पडलं तर सुरू करायचा पेनड्राइव्ह बनवता येतो, आणि बॅकअप झाला की एक्स्टर्नल डिस्क आपोआप इजेक्ट करण्याची खूणही आहे. ती खूण मी नेहमी करते. का, ते पुढे सांगते. एकच गोष्ट, त्याची भाषा कार्यालयातल्या लोकांसाठी लिहिल्यासारखी आहे. पहिल्यांदा कुणीतरी शेजारी बसून लावून द्यायला हवं. हास्लिओ बॅकअप सूट हाही फुकटातला पर्याय आहे आणि त्याचे पडदे समजायला सोपे आहेत.

फक्त फाइली हव्या असतील आणि फोल्डर तुम्हाला स्वतः निवडायचे असतील, तर 'फ्रीफाइलसिंक'. डावीकडे तुमचा कॉम्प्युटर, उजवीकडे डिस्क, मधे काय काय बदलणार त्याची यादी. त्यातल्या 'मिरर' या पद्धतीशी मात्र जपून. मिरर म्हणजे आरसा. तुम्ही इकडे फोल्डर खोडला की पुढच्या वेळी तिकडचाही खोडला जातो. खोडलेल्या आणि बदललेल्या फाइलींचं काय करायचं या सेटिंगमध्ये 'व्हर्जनिंग' निवडून डिस्कवरच एक वेगळा फोल्डर दाखवा, म्हणजे जुन्या प्रती तिथे जाऊन पडतील.

ॲक्रॉनिस ट्रू इमेज चांगलं आहे, पण दरवर्षी पैसे भरावे लागतात. ज्यांना फोन करून विचारायला कुणीतरी हवं असतं त्यांनी जरूर विचार करावा. इतरांना मी सांगत नाही. रेस्टिक, कोपिया ही मोफत साधनं फार कसलेली आहेत आणि मी स्वतःसाठी रेस्टिक वापरते. पण त्यांचा बॅकअप एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या तुकड्यांत असतो. तो प्रोग्रॅम आणि पासवर्ड नसेल तर डिस्कवर वाचण्याजोगं काही दिसत नाही. माझ्या आईला मी ते कधीच लावून देणार नाही.

मॅकसाठी?

टाइम मशीन. २००७ पासून मॅकमध्येच आहे आणि दुसरं काही शोधायची गरज नाही. गेल्या २४ तासांच्या तासातासाच्या, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती ते ठेवतं. जागा संपली की सगळ्यात जुन्या काढतं. डिस्क मॅकच्या साठ्याच्या निदान दुप्पट घ्या. डिस्क पहिल्यांदा जोडल्यावर ती पुसून नव्याने फॉरमॅट होईल, तेव्हा तिच्यावर आधीचं काही असेल तर आधी उतरवून घ्या.

लिनक्स?

घरच्या फाइलींना 'देजा डुप'. 'टाइमशिफ्ट' हे सिस्टिमसाठी आहे. ते तुमचा होम फोल्डर आपणहून घेत नाही आणि अनेकांची गफलत इथेच होते.

डिस्कसोबत आलेलं सॉफ्टवेअर वापरू का?

वापरायला हरकत नाही, पण त्यातली काही फक्त त्याच कंपनीची डिस्क असेल तरच चालतात. पुढची डिस्क वेगळ्या कंपनीची घेतली की पुन्हा पहिल्यापासून.

माझं सगळं वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर आहे. मग डिस्क कशाला?

ती जुळवणी आहे, म्हणजे सिंक. इथे खोडलं की तिथेही खोडलं जातं. रीसायकल बिनमधून काही दिवस परत मिळतं, पुढे नाही. आणखी एक बारीक गोष्ट आहे. वनड्राइव्ह जागा वाचवण्यासाठी बऱ्याच फाइलींची नुसती पाटी कॉम्प्युटरवर ठेवतं, मजकूर ढगात, म्हणजे इंटरनेटवर असतो. बॅकअप सॉफ्टवेअर अशा फाइली वगळू शकतं. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा आणि मगच बॅकअप घ्या.

फोनमधले फोटोही असेच निसटतात. अँड्रॉइड फोन केबलने जोडला तरी त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, त्यामुळे बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअर्सना तो दिसत नाही. फोटो आधी कॉम्प्युटरवर उतरवा.

जुन्या मराठी फाइली बॅकअपमधून परत आणल्या तर अक्षरं इंग्रजीत अगम्य दिसतात. फाइल बिघडली का?

फाइल चांगली आहे, फॉन्ट गेला आहे. युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर देवनागरी सारखीच वाचता येणारी आजची पद्धत) रुळण्याआधी आपण श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप करत होतो. श्रीलिपी तर आपल्या पुण्यातच, मॉड्युलर इन्फोटेकमध्ये तयार झाली. या फाइलींच्या पोटात देवनागरी नसते, रोमन अक्षरांचे क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. फॉन्ट नसेल तर 'क' च्या जागी भलतंच चिन्ह दिसतं.

फॉन्ट असतात विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये, आणि फाइल हिस्टरी तिकडे फिरकतही नाही. म्हणून वापरातले सगळे जुने मराठी फॉन्ट कॉपी करून डॉक्युमेंट्समध्ये 'फॉन्ट' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे ते बॅकअपबरोबर जातील. महत्त्वाच्या मजकुराची फॉन्ट आत धरलेली पीडीएफही करून ठेवा आणि सवडीने तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. प्रबंध, दिवाळी अंकाचे लेख, आजीच्या पाककृती असं पुण्यातल्या घराघरांत पडून असलेलं कितीतरी लिखाण आज फक्त एका फॉन्टच्या फाइलीवर तगून आहे. फार जुन्या झिप प्रोग्रॅममध्ये देवनागरीत नाव दिलेल्या फाइलींची नावंही बिघडतात, तेव्हा चाचणी घेताना अशी एक फाइल मुद्दाम निवडा.

डिस्क केवढी घेऊ?

आज जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट. रोज एकाच टेबलावर राहणार असेल तर साधी हार्ड डिस्क चालते आणि स्वस्त पडते. नेण्या-आणण्याची असेल तर एसएसडी (आत फिरणारे भाग नसलेली डिस्क) बरी, ती पडली तरी सहसा टिकते. पण एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात टाकून ठेवू नका. तापकीर गल्लीतल्या दुकानातून घ्या नाहीतर ऑनलाइन, पण नामांकित कंपनीची आणि बिलासकट. काही शे रुपयांत कित्येक टीबी सांगणारे पेनड्राइव्ह सरळ बनावट असतात. ते कॉपी झाल्याचं दाखवतात आणि भरल्यावर मागचं पुसत जातात. शंका असेल तर 'एचटूटेस्टडब्ल्यू' हे फुकट साधन डिस्क पूर्ण भरून तपासून देतं.

विंडोजला डिस्कचा फॉरमॅट (फाइली मांडायची पद्धत) एनटीएफएस ठेवा. एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही.

पहिल्या बॅकअपला किती वेळ लागेल?

निळ्या तोंडाच्या यूएसबी ३ पोर्टला लावली, तर साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला साधारण १०० एमबी धरा. म्हणजे ५०० जीबीला दीड तासाच्या आत-बाहेर. जुन्या यूएसबी २ पोर्टवर तेच काम चार तासांवर जातं. हजारो बारीक फाइली असतील तर आणखी लांबतं. पुढच्या वेळी फक्त बदललेलं जातं, ते काही मिनिटांत होतं. पहिला बॅकअप गुरुवारी लावू नका. दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा तो आपला ठरलेला वार. लॅपटॉप बॅटरीवर तग धरेल, पण स्वतःचा अडॅप्टर असलेली मोठी डिस्क मधेच बंद पडेल.

डिस्क कायम जोडून ठेवली तर काय बिघडलं?

रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप घालून पैसे मागणारा घातक प्रोग्रॅम) आलं तर जे जे जोडलेलं आहे त्या सगळ्याला ते कुलूप घालतं, बॅकअपच्या डिस्कलाही. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरच्या वेळी जगभर अनेकांनी हे अनुभवलं. म्हणून ती आपोआप इजेक्टची खूण. बॅकअप झाला की केबल काढून डिस्क कपाटात ठेवा. ऑफिसची ताजी कामं रोज बदलत असतील तर रोज जोडा, नाहीतर रविवारी सकाळी एकदा पुरे.

हेच कारण क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरला नाही म्हणण्याचं. बॅकअप सॉफ्टवेअरला तुमची प्रत्येक फाइल वाचायचा अधिकार असतो. कुणी कुलूप तोडून वाटलेल्या प्रोग्रॅमच्या हाती तो देऊ नका. फुकटात इतकं चांगलं मिळत असताना तर मुळीच नाही.

एक डिस्क पुरते का?

घरात जे घडेल ते डिस्कलाही घडेल. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधली घरंच्या घरं कागदपत्रांसकट पाण्यात गेली. ते फार जुनं वाटत असेल, तर २५ सप्टेंबर २०१९ ची आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र आठवा, किंवा २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत शिरलेलं पाणी. तळमजल्यावर टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअप असेल, तर पाणी दोघांनाही सारखंच.

दोन डिस्क घ्या. एक घरी, दुसरी निगडीच्या बहिणीकडे किंवा सातव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. दर एक-दोन महिन्यांनी अदलाबदल करा. बाहेर जाणाऱ्या डिस्कला पासवर्ड लावा, तिच्यात आधार, पॅन, बँकेचे कागद सगळं असतं. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर हे डिस्कला कुलूप लावायचं साधन आहे. होम आवृत्तीत डिस्क बिटलॉकरने नव्याने बंद करता येत नाही, तिथे बॅकअप सॉफ्टवेअरमधलंच एन्क्रिप्शन किंवा व्हेराक्रिप्ट हा वेगळा प्रोग्रॅम वापरा. हा पासवर्ड हरवला तर तो काढून देणारं कुणीही नाही.

बॅकअप नीट होतोय हे कसं ओळखू?

'यशस्वी' या शब्दावर मी आता विश्वास ठेवत नाही. तीन महिन्यांतून एकदा डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि पाच फाइली उघडून बघा: एक कालची, एक पाच वर्षांपूर्वीची, एक डीवरची, एक देवनागरी नावाची, एक मोठा व्हिडिओ. व्हिडिओ शेवटापर्यंत चालवा. इमेज घेत असाल तर सुरू करायचा पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर त्यावरून चालू होतो का, आणि त्याला तुमची डिस्क दिसते का, एवढं नक्की बघा. तारीख लक्षात राहत नसेल तर ३१ मार्चपासून सुरुवात करा. जगभर तो बॅकअपचा दिवस म्हणून पाळतात आणि आपल्याकडे त्या दिवशी हिशोबाच्या फाइली हाताशी असतातच.

मी घरी नसताना आई-बाबांना हे जमेल का?

जमतं, पण तुम्ही शेजारी बसून त्यांच्या हातून एकदा करून घेतलं असेल तर. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: डिस्क कुठल्या कपाटात आहे, दुसरी कुणाकडे आहे, सॉफ्टवेअरचं नाव, फाइल परत आणण्यासाठी कुठे क्लिक करायचं ते चार ओळींत, आणि पासवर्ड. पेनाने लिहा, कॉम्प्युटरमध्ये नको. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी कीही त्याच कागदावर उतरवा. नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप बऱ्याचदा आपोआपच चालू झालेलं असतं. आमच्याकडे हा कागद देवघराच्या खणात, घराच्या कागदपत्रांबरोबर असतो. आईने गेल्या महिन्यात त्यावरून वाचत एक फोटो स्वतः परत आणला आणि मग मला फोन केला.